हातांची शाळा आणि शब्दांची शाळा

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचें ‘तोत्तोचान’ हें पुस्तक १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. चेतना सरदेशमुख गोसावी यांनीं केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनें काढल्यापासून तें आपल्याकडील सुशिक्षित घरांतून, आणि विशेषतः शिक्षकांच्या घरांतून, मोठ्या आवडीनें वाचलें जात आहे. अशा पुस्तकाची ओळख करून देण्याचें वस्तुतः प्रयोजन नाहीं. परंतु ज्या कारणासाठीं त्याची स्तुति होते तें कारण आम्हांस अपुरें, किंबहुना थोडें दिशाभूल करणारें वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुस्तकाची हकीकत थोडक्यांत अशी. पहिलीच्या वर्गांत डेस्काचें झांकण सारखें उघडमीट करणारी, खिडकीशीं उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांस हांका मारणारी एक मुलगी शाळेंतून काढून टाकली जाते. आई तिला तोक्योंतील तोमोए नांवाच्या शाळेंत नेते. १९३७ सालीं सोसाकु कोबायाशी यांनीं काढलेल्या या शाळेचे वर्ग म्हणजे रेल्वेचे निकामी झालेले डबे. विद्यार्थी अवघे पन्नासएक. मुख्याध्यापक पहिल्याच दिवशीं या मुलीचें बोलणें चार तास ऐकून घेतात. दिवसभराचा सर्व विषयांचा अभ्यास सकाळींच फळ्यावर मांडलेला असे, व ज्यानें त्यानें आपल्या आवडीच्या विषयापासून आरंभ करावा, असा तेथील परिपाठ होता. त्यामुळें एका बाकावर निबंध चाले, तर शेजारच्या बाकावर स्पिरिटच्या दिव्यावर कांचेचें पात्र उकळत असे. शिवाय उघड्यावरचा स्वयंपाक होता, भाजीचे वाफे होते, तालावर पावलें टाकण्याचे धडे होते.

यावरून आपल्याकडे सहजच असा निष्कर्ष काढला जातो कीं, हें पुस्तक म्हणजे पुस्तकी शिक्षणाविरुद्धचा निकाल होय. पुस्तकें मिटा आणि मुलांच्या हातांस काम द्या, एवढाच त्याचा बोध! आम्हीही पुष्कळ दिवस असेंच समजत होतों. आमच्या घरांतील नववींतल्या मुलीनें आमचा हा समज डळमळीत केला. तिच्या शाळेचा भूगोलाचा प्रकल्प नुकताच होऊन गेला होता. पुठ्ठा व प्लॅस्टर यांचा सुबक डोंगर तयार झाला, त्यावरून निळ्या रंगाची नदी वाहिली, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील निम्म्याहून अधिक कारागिरी आम्हां वडील माणसांची होती. त्यानंतर तिनें ‘तोत्तोचान’मधील शेतीच्या गुरुजींचें प्रकरण वाचलें आणि विचारलें, “या प्रकल्पाला गुण किती होते?” आम्हीं सांगितलें कीं गुण नव्हते. त्यावर ती म्हणाली, “मग आपल्याला तें आलं, हें त्या मुलांना कळायचं कसं?”

प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां येईना. तें शोधण्यासाठीं आम्हीं पुस्तक पुन्हां उघडलें.

त्या शेतीच्या प्रकरणांत मुख्याध्यापक जवळच्या शेतांतील एका शेतकऱ्यास बोलावून आणतात आणि मुलांस सांगतात कीं, हे तुमचे आजचे गुरुजी. तो बिचारा संकोचतो. आपण कसले गुरुजी, असें म्हणतो. पण एकदां वाफ्यांत उतरल्यावर त्याचे हात तण उपटीत राहतात आणि तोंड किडे, पक्षी व हवापाणी यांविषयीं बोलत राहतें. आमच्या मतें सर्व पुस्तकाचें मर्म येथें आहे. त्या दिवशीं मुलांस केवळ काम मिळालें नाहीं. काम करतां करतां त्या कामाची भाषा मिळाली. तण उपटावयाचें कां, हें शब्दांनीं कळलें, आणि तें किती चिवट असतें, हें बोटांस कळलें. यांतलें एक काढून घेतलें तर दुसरें लंगडें होतें.

याच दृष्टीनें पाहूं लागल्यावर इतर प्रसंगांचा अर्थही उलगडूं लागतो. दुपारच्या जेवणाच्या वेळीं तेथें रोज एका मुलानें मध्यें उभें राहून कांहीं तरी सांगावयाचें असे. एक मुलगा म्हणतो कीं मजपाशीं सांगण्यासारखें कांहींच नाहीं. मुख्याध्यापक रागावत नाहींत. सकाळीं उठल्यापासून काय काय झालें, तें त्याच्याकडून एक एक करून काढून घेतात. मुलगा उठला, आईनें दांत घांसावयास सांगितलें, ते घांसले, शाळेंत आला, झाली गोष्ट! सर्व मुलें टाळ्या वाजवितात. ज्यांस मानव्यविद्या म्हणतात त्यांचा श्रीगणेशा याहून निराळा तो काय असणार? आपल्या जगण्यांत सांगण्याजोगें कांहीं आहे, आणि तें ऐकणारें माणूस समोर आहे, एवढा विश्वास आल्यावांचून इतिहास, काव्य किंवा तत्त्वज्ञान यांस हातच घालतां येत नाहीं.

शाळेंत नवा डबा येणार असतो तेव्हां रुळांवांचून तो येणार कसा, हें पाहण्यासाठीं मुलें रात्रीं शाळेंतच निजावयास येतात, आणि त्यास ओढून आणण्याची सारी खटपट डोळे भरून पाहतात. आजच्या भाषेंत यास कोणी ‘प्रात्यक्षिक’ म्हणेल. पण त्या डब्याचें पुढें झालें काय? वाचनालय! पुस्तकाचे चाहते त्या रात्रीची गोष्ट रंगवून सांगतात, मात्र त्या डब्यांत पुढें काय भरलें, हें सांगावयास विसरतात. तसेंच, पोलिओनें पाय अधू झालेल्या मित्रास तोत्तोचान शिडी लावून, ओढून ताणून आपल्या झाडावर चढविते, तो प्रसंग सर्वांस आठवतो. पण त्याच मित्रानें तिला ‘अंकल टॉम्स केबिन’ वाचावयास दिलें होतें, आणि तो अकालीं वारल्यामुळें तें परत करावयाचें राहून गेलें, याचा उल्लेख क्वचितच ऐकूं येतो. तिनें त्यास हातांनीं झाड दिलें. त्यानें तिला पुस्तक दिलें. दोन्ही देणग्या एकाच मोलाच्या आहेत.

शब्दाचें हें मोल कोबायाशी किती जाणत होते, हें आणखी एका प्रसंगावरून दिसतें. वर्गांतल्या बाई थट्टेनें एका खुज्या मुलास विचारतात कीं, तुला शेंपूट आहे काय? मुख्याध्यापक त्यांस इतर शिक्षकांसमक्ष नव्हे, तर स्वयंपाकघरांत नेऊन कडक शब्दांत जाब विचारतात. दुसऱ्या एका प्रसंगीं, पडलेलें पाकीट शोधण्यासाठीं तोत्तोचान मैल्याच्या टाकींतील घाण उपसून ढीग घालते तेव्हां मात्र ते एवढेंच सांगतात कीं, झाल्यावर सगळें परत आंत टाक. हातांनीं झालेला पसारा हातांनींच आवरतां येतो. शब्दांनीं झालेली जखम तशी भरत नाहीं, हा भेद त्या गृहस्थानें ओळखला होता.

पुस्तकांत उणिवा नाहींत असें नाहीं. येथें बहुतेक प्रत्येक प्रयोग सफल होतो. ही एका सुखी मुलीची आठवण आहे, आणि सुखाची आठवण अपयशाकडे कानाडोळा करते. पन्नास मुलांच्या शाळेंत जें साधलें तें साठ मुलांच्या एकेका वर्गांत कसें साधावें, याचें उत्तर येथें मिळत नाहीं. हस्तोद्योगाचा विचार आम्हांस परकाही नाहीं. तोमोए निघाली त्याच १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरून महात्मा गांधींची मूलोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना पुढें आली. तींत काम व ज्ञान यांची सांगड घालावयाची होती. आपल्या बहुतेक शाळांतून त्यांतलें उरलें काय, तर आदल्या रात्रीं आई-बापांनीं चिकटविलेला पुठ्ठा आणि त्याखालीं कोठून तरी उतरवून घेतलेली माहिती. हात मुलाचे नाहींत आणि शब्दही मुलाचे नाहींत! दहावीनंतर मात्र हींच घरें भाषा व इतिहास यांस मागें पडलेल्यांची वाट समजतात. स्पिरिटचा दिवा पेटविणारा तोमोएचा तो मुलगा पुढें पदार्थविज्ञानाचा मोठा संशोधक झाला, हें आम्ही कौतुकानें वाचतों. पण त्याच डब्यांत शेजारीं कोणी निबंध लिहीत होतें, हें सोयीस्करपणें विसरतों.

तोमोए शाळा १९४५ सालीं विमानांच्या बाँबहल्ल्यांत जळून गेली. कोबायाशी १९६३ सालीं वारले; ती शाळा त्यांच्या हातून पुन्हां उभी राहिली नाहीं. मोठेपणीं आपण याच शाळेंत शिक्षिका होऊं, असें वचन तोत्तोचाननें त्यांस दिलें होतें. तेंही पाळतां आलें नाहीं. डबे गेले, भाजीचे वाफे गेले, मुलांनीं कामांत घालविलेल्या त्या दुपारी गेल्या. आज ती शाळा आम्हांस ठाऊक आहे ती केवळ एका विद्यार्थिनीनें ती लिहून ठेविली म्हणून. आणि तिला लिहितां आलें, त्याचें एक कारण हेंही असेल कीं, सात वर्षांची असतांना कोणी तरी तिचें बोलणें चार तास ऐकून घेतलें होतें.

आमच्या घरांतील मुलीच्या प्रश्नास आम्हांस सांपडलेलें उत्तर हें असें आहे: आपल्याला तें आलें, हें सांगतांना कळतें. पुढचा प्रकल्प तिचा तिनें करावा, तो वांकडा झाला तरी चालेल, आणि रात्रीच्या जेवणास तिनें तो आम्हांस सांगावा, असें आम्हीं ठरविलें आहे. ऐकण्याचें काम आमचें. आणि तें पुठ्ठा कापण्याहून पुष्कळ कठीण आहे, हें आम्हांस आतांच दिसूं लागलें आहे.