बालगंधर्वांचा जमाखर्च

बालगंधर्वांविषयीं महाराष्ट्रांत ज्या हकीकती सांगितल्या जातात, त्यांत १२ मार्च १९११ या दिवसाची हकीकत अग्रस्थानीं आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी त्या दिवशीं मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग करणार होती. त्याच दिवशीं नारायणराव राजहंसांची लहान मुलगी वारली. प्रयोग रहित झाला नाहीं. नारायणराव भामिनीचा वेष घेऊन रंगभूमीवर आले, गायिले, आणि नाटकानें प्रेक्षकांचें मन जिंकलें. सुशिक्षित घरांतून ही कथा मुलांना कर्तव्यनिष्ठेचा पाठ म्हणून सांगण्यांत येते, आणि ऐकणाराचे डोळे पाणावतात.

त्या धैर्याविषयीं आमचा कांहींच वाद नाहीं. परंतु हा पाठ अर्धाच आहे असें आम्हांस वाटतें. नारायणरावांना त्या वेळीं तेविसावें वर्ष लागलेलें होतें. मंडळीचे ते मालक नव्हते, नोकरींतील नट होते. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे चालतें-फिरतें एकत्र कुटुंबच असे. नट, साजिंदे, पडदेवाले, आचारी असा मोठा परिवार एका बिऱ्हाडांत राहत असे, एका पंक्तीस जेवत असे, आणि पडद्यांच्या व ट्रंकांच्या ओझ्यासह गांवोगांव हिंडत असे. खेळ होवो न होवो, चूल रोज पेटावी लागे. पैसा मात्र खेळ होईल त्याच रात्रीं तिकिटांच्या खिडकीवाटे येई. एवढ्या संसाराचा भार एका मुख्य नटाच्या गळ्यावर असला म्हणजे त्या गळ्याला रडण्याचीही सवड राहत नाहीं. त्याच्या जागीं दुसरा नट एका दिवसांत उभा करणें कोणत्याही मंडळीस शक्य नसे. तेव्हां त्या रात्रीच्या धैर्याचें कौतुक अवश्य करावें. पण असें धैर्य ज्या व्यवस्थेंत गृहीत धरलेलें असतें, तिचाही विचार करावा.

१९१३ सालीं नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. नट स्वतः मालक झाला म्हणजे त्याची पराधीनता संपेल, अशी कल्पना होणें साहजिक आहे. अनुभव निराळा आला. टेंबे व बोडस कालांतरानें बाहेर पडले, आणि नट, गवई, मालक व ऋणको या चारही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) हीं त्या काळांतील नाटकें. भामिनी-रुक्मिणीचे उंची शालू, त्यांचा केशकलाप, त्यांतील गजरे यांचें अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनीं केलें. कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांची साथ या मंडळीच्या गाण्यास लाभली. ‘द्रौपदी’च्या थाटमाटावर तर अतोनात पैसा ओतला गेला, आणि १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जांत बुडाली.

त्याच वर्षीं ८ जुलै रोजीं केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीबरोबर मुंबईस संयुक्त ‘मानापमाना’चा प्रसिद्ध खेळ झाला. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. आणि खेळाचा हेतु टिळक स्वराज्य फंडास मदत करणें हा. स्वतःच्या दारांत सावकार उभे असतां राष्ट्रकार्यासाठीं असा खेळ करणें यांत औदार्य आहे, यांत शंका नाहीं. पुढें कांहीं वर्षांत मंडळीवरील तें कर्जही खेळामागून खेळ करून नारायणरावांनीं फेडलें. पण ऋणाचा फेरा त्यांना कायमचा चुकला नाहीं.

या सर्व प्रकरणावर दोन निर्णय ऐकूं येतात. भक्त म्हणतात, खऱ्या कलावंताला व्यवहार कळत नाहीं, व हें न कळणें हाच त्याचा अलंकार होय. व्यवहारी लोक म्हणतात, उधळपट्टी केली, फळ भोगलें. हे दोन्ही निर्णय वरवर परस्परविरोधी असले तरी दोहोंचें मूळ एकच आहे. कला आणि हिशेब यांचें जन्मजात वैर आहे, असें दोघेही गृहीत धरतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

उदाहरणार्थ ‘एकच प्याला’ घ्या. राम गणेश गडकरी यांची सिंधु ही दारूनें उद्ध्वस्त झालेल्या घरांतील पत्नी. तिच्या अंगावर भरजरी शालू नाहीं, दागिने नाहींत. तरीही बालगंधर्वांच्या अत्युत्तम भूमिकांत तिची गणना होते. म्हणजे प्रेक्षकांचें हृदय हलविण्यास जरीची आवश्यकता नव्हती. गळा, मुद्रा आणि शब्दांवरचा जिव्हाळा एवढें भांडवल पुरेसें होतें. मग खर्च कां झाला? आमच्या मतें त्याचें कारण उधळ्या स्वभावापेक्षां अधिक खोल आहे. स्वराची एक श्रुति इकडेतिकडे झालेली ज्यास खपत नाहीं, त्यास शालूच्या रंगांत किंवा पडद्याच्या चित्रांतही उणीव खपत नाहीं. असमाधान हा त्याच्या कलेचा प्राण असतो. आणि तेंच असमाधान खजिन्याच्या किल्ल्या हातीं घेऊन बसलें म्हणजे त्याचें कर्जांत रूपांतर होतें. यावर उपाय कलावंतानें असमाधान सोडणें हा नाहीं. काय हवें तें एकानें सांगावें आणि काय झेपेल तें दुसऱ्यानें सांगावें, एवढी वांटणी पुरेशी आहे. भागीदार गेल्यावर हें ‘नाहीं’ म्हणणारें माणूसच मंडळींत उरलें नाहीं, हें खरें दुर्दैव.

धंद्याचें दडपण कलेच्या अंगांतही कसें शिरतें हें पाहण्यासारखें आहे. रसिकांनीं ‘वन्समोअर’ द्यावा, नारायणरावांनीं पद पुन्हा गावें, पुन्हा टाळ्या पडाव्या, आणि खेळ पहाटेपर्यंत चालावा, हा क्रम सर्वश्रुत आहे. त्यांतून अपूर्व गायन मिळालें, हें निर्विवाद. पण नाटकाचा बांधा त्यांत सैल झाला, कथेचा वेग थांबला, आणि नट पात्रांतून बाहेर येऊन गवई बनला. ज्याचें पोट टाळीवर अवलंबून आहे, तो टाळीला नकार कसा देणार? आणि ती टाळी अस्सल प्रेमाची असल्यामुळें नकार देणें अधिकच कठीण.

मराठी बोलपट १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’च्या रूपानें आला आणि नाटक मंडळ्यांचें उत्पन्न आटूं लागलें. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटांत नारायणराव संत एकनाथांच्या भूमिकेंत दिसले. ज्यानें तीस वर्षें स्त्रीभूमिकांत काढलीं, त्यानें आतां पुरुषवेषांत, प्रेक्षकांवांचून, एका निर्विकार भिंगासमोर तुकड्यातुकड्यांनीं बोलावें! त्या वाटेवर ते रमले नाहींत व नाटकाकडेच परतले. परंतु वय कोणासाठीं थांबतें? सुताराचा रंधा झिजला तर नवा मिळतो. नटाचें हत्यार म्हणजे त्याचें स्वतःचेंच शरीर. तें झिजतांना त्याला आपली कमाईच नव्हे, आपली ओळखही हातची जात असल्याचा भास होतो. उतारवयांत तेच शालू नेसून रंगभूमीवर येणाऱ्या नारायणरावांना हट्टी म्हणणें सोपें आहे. त्यांनीं दुसरें काय व्हावें, हें मात्र त्यांना कोणी सांगितलें नाहीं.

अखेरच्या काळांत त्यांचे पाय अधू झाले. १९६४ सालीं पद्मभूषण मिळालें. १५ जुलै १९६७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. आणि पुढल्याच वर्षीं, २६ जून १९६८ या त्यांच्या जन्मदिनीं, पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर खुलें झालें. हे सन्मान योग्यच होते. पण सन्मान हा वेतनाचा पर्याय नाहीं, आणि उतारवयांतील शाल ही भरात असतांनाच्या व्यवस्थेचें काम करूं शकत नाहीं.

नारायणराव प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. त्या शब्दाचा मान आपण नेहमींच मोठ्या आनंदानें घेतला. त्याची जबाबदारी किती घेतली? आजही एखादा नट घरचें दुःख गिळून प्रयोग करतो तेव्हां आपण त्याचें तोंड भरून कौतुक करतों. त्या रात्रीं प्रयोग रद्द झाला असता, तर तिकिटाचे पैसे परत न मागतां आपण मुकाट्यानें घरीं गेलों असतों काय? कलावंताच्या त्यागावर आपलें प्रेम किती आहे हें यावरून कळत नाहीं. कलावंतावर किती आहे तें कळतें. मायबापांनीं लेकराकडून काय मागावें, यालाही मर्यादा असते.