मॅकबेथचे केस

इंग्रजीत भीतीचा मुक्काम बऱ्याचदा केसांत असतो. थरारक प्रसंगाला तिथं ‘हेअर-रेझिंग’ म्हणतात, आणि ‘हॉरर’ हा शब्दच लॅटिनमधल्या ‘होरेरे’वरून, म्हणजे केस ताठ उभे राहण्यावरून आला आहे. हॉरर सिनेमाचं तिकीट काढणाऱ्याला हे आठवायचं कारण नाही. शेक्सपिअरला ते पक्कं ठाऊक असावं, असं मात्र ‘मॅकबेथ’ वाचताना वाटत राहतं.

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या. चेटकिणींचं एक भाकीत नुकतंच खरं ठरलंय, कॉडरची सरदारकी पदरात पडली आहे आणि राजा डंकनच्या खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात शिरलाय. त्या विचाराच्या चित्राला तो ‘हॉरिड’ म्हणतो आणि लगेच सांगतो की त्यानं माझे केस जागचे सुटले, ठाम बसलेलं काळीज बरगड्यांवर आपटू लागलं. केस ‘उभे राहिले’ हे नेहमीचं वर्णन इथं नाही. पक्कं बसलेलं काहीतरी निखळतंय, अशी ही क्रिया आहे. सगळा माणूसच सांध्यातून ढिला होतोय. आणि हा कोण? आदल्याच प्रवेशात आपण ऐकलेलं असतं की यानं रणांगणावर शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उसवलं. रक्ताला तो बिचकत नाही. त्याला हादरवतो तो एक विचार, अजून न घडलेला खून.

केस उभे करणारे इवलेसे स्नायू आपल्या हुकमात नसतात. हसू आवरता येतं, चेहरा कोरा ठेवता येतो, पण अंगावरचा काटा दाबता येत नाही. म्हणूनच मॅकबेथच्या केसांची साक्ष त्याच्या भाषणांपेक्षा खरी वाटते. मन लालचावलेलं असताना शरीर अजून ‘नको’ म्हणतंय.

तिसऱ्या अंकातल्या मेजवानीत, मॅकबेथनंच खून करवलेल्या बँकोचं भूत येऊन बसतं. तिथंही केस आहेत, पण ते बँकोचे, रक्तानं माखलेले. ते माझ्यापुढे हलवू नकोस, असं मॅकबेथ ओरडतो. भीतीनं त्याचे गाल पांढरे पडलेत, पण स्वतःच्या केसांबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

मग पाचवा अंक, पाचवा प्रवेश. आतून बायकांची किंकाळी ऐकू येते आणि मॅकबेथ शांतपणे म्हणतो की भीतीची चव मी जवळजवळ विसरलोय. एकेकाळी रात्रीच्या किंकाळीनं अंग गार पडायचं. एखादी भयंकर कहाणी ऐकताना केस जिवंत असल्यासारखे उठून हलायचे. इथं केसांसाठी आलेला ‘फेल’ हा शब्द जनावराच्या केसाळ कातड्याचा आहे. जनावर भ्यायलं की केस फुलवतं. ती उपजत खूणही याची गेली. पुढे तो म्हणतो, मी ‘हॉरर्स’ पोटभर जेवलोय. पहिल्या अंकातलं ‘हॉरिड’ इथं अनेकवचन होऊन ताटात आलंय, आणि ‘जेवलोय’ म्हटल्यावर ती फसलेली मेजवानी आठवल्यावाचून राहत नाही. लगेच बातमी येते, त्याची राणी गेली. त्यावरची त्याची कंटाळलेली, रिती वाणी जगभर पाठ केली जाते. मला तिच्या आधीच्या या चार-सहा ओळी जास्त भयंकर वाटतात. निर्ढावणं म्हणजे काय ते त्या अंगावरच दाखवतात.

‘हॅम्लेट’मध्येही केस उभे राहतात. तिथली साळिंदराच्या काट्यांची उपमा कितीतरी जास्त प्रसिद्ध आहे. पण ती भुताच्या तोंडी आहे, ऐकणाऱ्याला धाक घालणारी, थोडी नाटकीच. अठराव्या शतकातला नट डेव्हिड गॅरिक हॅम्लेट करताना, भूत दिसताच केस ताठ होतील असा यांत्रिक टोप घालायचा, असं सांगतात. गंमत म्हणून ठीक आहे. ‘मॅकबेथ’च्या पाचव्या अंकात त्या टोपाचा काही उपयोग नव्हता, तिथं नटाला न हललेले केस दाखवायचे असतात.