रुग्णशय्येजवळील गुरू

गुरूचे वर्णन करताना मराठी वाङ्मयाने कधी हात आखडता घेतलेला नाही. अध्यात्ममार्गातील सद्गुरूपासून छडीवाल्या पंतोजीपर्यंत, आणि तालमीतील वस्तादापासून शिष्याला तंबोऱ्यावर बसविणाऱ्या बुवांपर्यंत, गुरूंची मोठी परंपरा आमच्या चरित्रांतून, आठवणींतून व कादंबऱ्यांतून नांदत आली आहे. तथापि एका गुरूची जागा तीत जवळजवळ रिकामीच राहिली आहे. रोग्याच्या खाटेशी उभा राहून, त्याला बरे करीत असतानाच विद्यार्थ्याला वैद्य करणारा जो वैद्य, तो हा गुरू होय. ही उणीव केवळ वाङ्मयाची नसून तिचा परिणाम समाजालाही भोगावा लागतो असे आमचे मत असल्यामुळे, तिचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

या गुरूचा व्यवसाय इतर गुरूंच्या व्यवसायाहून मुळातच निराळा आहे. व्याकरणाच्या शिष्याने वाक्य चुकविले तर ते खोडता येते. गवयाचा शिष्य बेसूर झाला तर फार तर बैठकीचा रसभंग होतो. येथे मात्र गुरू व शिष्य यांच्या मध्ये एक तिसरा मनुष्य निजलेला असतो, आणि चुकीचे मोल त्याला द्यावे लागते. आमच्या प्राचीनांस हे पुरते ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. छेदन शिकावयाचे ते कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर. भेदन पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. वेधन मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. आणि पट्ट्या बांधावयाच्या त्या माणसाच्या पुतळ्याच्या अवयवांवर. पुष्कळ शास्त्र पढलेला मनुष्यदेखील असा अभ्यास केल्यावाचून कर्मास अयोग्यच, असा त्या अध्यायाचा निर्णय आहे. परंतु भोपळा कण्हत नाही आणि पुतळ्याला लाज वाटत नाही. भोपळ्यापासून माणसापर्यंतचा शेवटचा टप्पा शिष्याला कोणाच्या तरी नजरेखाली ओलांडावा लागतो. ती नजर म्हणजेच हा गुरू; आणि नेमके येथेच आमचे लेखक मुके होतात.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घ्यावे. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी निघाली. गोपाळरावांचा हट्ट, समुद्रपर्यटन, ११ मार्च १८८६ रोजी मिळालेली पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ चा तो शोचनीय अंत ही कथा आज महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडले यांचे नावही पुष्कळांस ठाऊक असते. पण बॉडलेबाई रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. मग रोग्याच्या छातीवर कान कसा ठेवावा आणि अडलेल्या बाळंतिणीपाशी धीर कसा धरावा, हे आनंदीबाईंना कोणी शिकविले? हा प्रश्न आमच्या सामान्य वाचकाला पडतसुद्धा नाही. कारण तो पडावा असे त्याच्यापुढे कोणी ठेवलेलेच नाही. वैद्य घडला हे आम्ही सांगतो. तो कसा घडला हे सांगत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या बाबतीत अन्याय याच्या उलट बाजूने झाला आहे. सोलापूरचा हा तरुण १९३८ साली राष्ट्रसभेने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारला. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर बोलपट काढला. त्यांचा त्याग, त्यांच्या शस्त्रक्रिया, त्यांचा चिनी स्त्रीशी झालेला विवाह हे सर्व आम्ही डोक्यावर घेतले. परंतु ते तेथील वैद्यकशाळेत शिकवीत असत, ही गोष्ट आमच्या स्मरणातून जणू गळून गेली आहे. वस्तुतः वीराच्या हाताने वाचलेले जीव मोजता येतात. त्याने शिकविलेल्या हातांनी पुढे किती वाचले याची गणतीच करता येत नाही. ज्याची गणती नाही त्याचे कौतुकही नाही, असा आमच्या चरित्रवाङ्मयाचा रिवाज दिसतो.

या मौनाचे आणखी एक कारण आहे आणि ते अधिक अवघड आहे. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हापासून आजपर्यंत विद्यार्थी शिकत आले ते मुख्यतः धर्मार्थ व सरकारी दवाखान्यांतील गरीब रोग्यांवर. पैसेवाल्याचे पोट तपासावयास दहा विद्यार्थी रांगेने येत नाहीत. हे सत्य उच्चारले की वैद्याची मूर्ती डागाळते आणि दडपले की गरिबाची विटंबना होते. म्हणून आमचे लेखक दोन सोप्या वाटा धरतात: वैद्याला देव तरी करतात, नाहीतर कसाई तरी. रुग्णशय्येजवळचा चांगला गुरू या दोहोंच्या मध्ये उभा असतो. विद्यार्थ्याला शिकण्याचा हक्क आहे हे तो जाणतो, पण तो हक्क रोग्याच्या परवानगीने मिळालेला आहे हे क्षणभरही विसरत नाही. केव्हा शिष्याच्या हाती सुई द्यावी आणि केव्हा ती काढून घ्यावी, हा त्याचा विवेक. आणि असा विवेक रेखाटणे हे वाङ्मयाचे काम नव्हे काय?

हा विषय आज काढण्याचे निमित्तही आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचे एक आहे. वर्षानुवर्षे केवळ रोगी तपासणाऱ्या वैद्यांभोवती आता विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहणार. ज्याला स्वतःला उपचार उत्तम करता येतो त्याला तो शिकविताही येईलच, असे मात्र मुळीच नाही. लोणार-मेहकराकडची एखादी बाई 'जीव घाबरून राह्यला' म्हणते. तिला धडधड होते, दम लागतो, की कशाची भीती वाटते? दुसरी 'अंगावरून जाते' एवढेच खाली मान घालून सांगते. ते पांढरे की लाल, हे तिची लाज राखून कसे विचारावे? दूरच्या शहरातून आलेल्या मुलाला ही भाषा पुस्तक शिकविणार नाही. जळगाव जामोदच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी रोग्यापाशी तर वऱ्हाडीही पुरी पडत नाही. तेथे गुरू कोणत्या शब्दांत विचारतो, कोठे थांबतो, पडदा ओढून घेतो की नाही, हे पाहूनच शिष्य शिकतो.

२०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात याची दखल नाही असे नाही. ठाऊक असणे, कसे करावे हे ठाऊक असणे, करून दाखविणे व स्वतंत्रपणे करणे अशा चार पायऱ्या त्यात लाविल्या आहेत, आणि प्रत्येक कौशल्यापुढे नोंदवहीत अध्यापकाची सही पाहिजे. योजना चांगली आहे. परंतु सही ही नजरेची साक्ष आहे. नजर न टाकता केलेली सही म्हणजे रोग्याच्या नावाने काढलेली हुंडी होय, आणि ती कधीतरी कोणाला तरी भरावीच लागते.

कोणी म्हणतील की हा शास्त्राचा प्रांत आहे, साहित्यिकांनी येथे लुडबुड करू नये. आम्हांस हे मान्य नाही. नियमाने सही मिळविता येते, नजर मिळविता येत नाही. ती चांगल्या उदाहरणाने मिळते, आणि उदाहरण जतन करणे हा वाङ्मयाचा धर्म आहे. बुलढाण्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी पुढे आपल्या गुरूविषयी लिहावे, तसेच त्याच्या गुरूनेही लिहावे: त्याची कीर्ती नव्हे, तर एका सकाळी एका खाटेपाशी काय घडले तेवढेच. त्या लेखात खाटेवरील मनुष्याला स्वतःचा शब्द असेल, तर मराठीतील एक जुनी उणीव भरून निघण्यास आरंभ झाला असे आम्ही समजू.