पुतळा सगळ्यांना माहीत, शिल्पकार कुणालाच नाही

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. तो घडवला कुणी, असं विचारलं की मात्र आपण एकमेकांकडे बघतो.

विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर. जन्म १८९१, गाव अलिबागजवळचं सासवणे. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कलेक्टर ऑटो रोथफील्ड यांच्या नजरेत भरलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे कलकत्त्यात काम, मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण, आणि १९२८ साली हा पुतळा. एवढं मोठं ब्राँझ माझगाव गोदीत एकसंध ओतलं गेलं. नाव झालं, कामं आली, पद्मश्रीही मिळाली.

मग विसर कसा पडला? स्मारकशिल्पाचा तो धर्मच आहे, असं म्हणता येईल. हार महाराजांना पडतो, पडायलाच हवा. पण दुसरा दोष आपला, समीक्षा करणाऱ्यांचा. 'अकॅडमिक, हुबेहूब' अशी चिठ्ठी लावून आपण पुढे निघून गेलो. ती चिठ्ठी अगदीच खोटी नाही. मागणीबरहुकूम केलेल्या व्यक्तिशिल्पांत कधीकधी माणसापेक्षा पोशाखच जास्त बोलतो.

पण आता सासवण्याला चला. त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालंय. तिथे 'शंखध्वनी' आहे, कोळीण आहे, आणि एक बसलेली म्हैस आहे. म्हशीचं स्मारक कुठली समिती मागणार, सांगा! ते शिल्प त्यांनी केलं ते केवळ पाहण्याच्या ओढीनं. तिचं सगळं वजन जमिनीत कसं उतरलंय ते नीट बघा आणि मग पुण्याचा घोडा आठवा. तो मागच्या पायांवर उभा राहून आवेश दाखवत नाही. जोर आहे, पण तो आवरलेला. जनावराचं वजन ओळखणाऱ्या हातालाच हा संयम साधतो. म्हणजे सासवणे आणि पुणे हे वेगळे करमरकर नव्हेत. आपण त्यांचं अर्धंच काम पाहिलं.

याचा आज काय उपयोग? पुतळ्याची चर्चा आपल्याकडे उंचीपासून सुरू होते आणि बरेचदा तिथेच संपते. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा वर्षाच्या आतच कोसळला. आपण वारा, गंज, कंत्राट यांवर बोललो, बोलायलाच हवं होतं. पण शिल्पकाराला वेळ किती मिळाला, शिल्प म्हणून ते पारखलं कुणी, हे फारसं विचारलं नाही. शिल्पकाराचं नाव विसरणारा समाज हे प्रश्नही विसरतो.

२०२८ मध्ये पुण्याच्या पुतळ्याला शंभर वर्षं होतील. हार-तुरे होतीलच. त्याआधी आपण गेटवेवरून मांडव्याची बोट धरू आणि सासवण्याला ती म्हैस पाहून येऊ.