नवखा पहारेकरी आणि कायद्याचे पुस्तक

संस्कृत नाटकाच्या अभ्यासकास नगररक्षक हे पात्र अपरिचित नाही. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभी दोन रक्षक एका कोळ्यास बांधून आणतात, राजाची मुद्रिका चोरल्याचा आळ घेऊन त्याला बडवितात आणि राजाने त्या कोळ्यालाच पारितोषिक दिल्याचे कळताच त्यातला वाटा घेऊन त्याच्यासह मद्याच्या दुकानाकडे वळतात. ‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक हे रक्षक रस्त्यावर गाड्या तपासतात आणि त्यांची तपासणी अखेर आपापसांतील हाणामारीवर येते. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ व पुढे देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही मंडळी आपल्याही प्रेक्षकांच्या ओळखीची आहेत. तिकडे शेक्सपिअरने ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये डॉगबेरी हा असाच एक गबाळा कोतवाल उभा केला. तात्पर्य, पहारेकरी हा पूर्वापार हसण्याचा विषय आहे. जेथे हसू नसते तेथे त्याचे काम याहूनही थोडे: धन्याने ‘कोण आहे रे तिकडे?’ अशी हाक द्यावी, याने धावत यावे आणि नायकाच्या तलवारीने पडावे.

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीस नेमके त्या हाकेचेच नाव दिले आहे: ‘गार्ड्स! गार्ड्स!’ अद्भुत कथांतून तिसऱ्या प्रकरणाच्या सुमारास एकेक करून मारले जाणारे, आणि ज्यांना ‘तुमची इच्छा आहे काय’ असे कोणी कधी विचारीत नाही, अशा पहारेकऱ्यांनाच त्याने हे पुस्तक अर्पण केले आहे. प्रॅचेट (१९४८–२०१५) याच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या मालिकेत एकेचाळीस कादंबऱ्या असून ही त्यांतील आठवी होय. ती केवळ कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही. तथापि पंधरा-सोळा वर्षांची मुले ती आवडीने वाचतात, आणि तिचा नवखा शिपाईही त्याच वयाचा आहे. अद्भुतरम्य कादंबरी म्हटली की आपल्या शिक्षकवर्गाच्या कपाळावर आठी चढते, हे आम्ही जाणतो. नाथमाधवांच्या ‘वीरधवला’वर रात्री जागवलेल्या पिढीनेही पुढे शिक्षक झाल्यावर तीच आठी धारण केली. म्हणूनच या कादंबरीचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

कथा अंख-मॉरपॉर्क नावाच्या एका बकाल महानगरात घडते. या नगरात चोरांचाही मान्यताप्राप्त संघ आहे. चोऱ्यांचे प्रमाण ठरलेले असते आणि ज्याला लुटले त्याला पावती मिळते. अशा नगरात रात्रीच्या पहाऱ्यास काम ते काय उरणार? कॅप्टन व्हाइम्स हा मद्यात बुडालेला आहे. सार्जंट कोलन आणि कॉर्पोरल नॉब्ज हे दोघे घंटा वाजवून ‘सर्व ठीक आहे’ असे ओरडत फिरतात, आणि चोरामागे धावताना तो आपल्या हाती सापडणार नाही अशा बेताने धावतात. त्यांचा एक सहकारी जरा अधिक वेगाने धावला, चोरापर्यंत पोहोचला आणि प्राणास मुकला.

या पथकात कॅरट येतो. हा साडेसहा फूट उंचीचा मुलगा खाणीत राहणाऱ्या बुटक्यांच्या जमातीत वाढला. आपण जन्माने माणूस आहो हे कळल्यावर तो माणसांत राहावयास निघतो. निघताना नगराच्या कायद्यांचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती दिले जाते, आणि ते तो मुखोद्गत करतो. ते कायदे कधीच निजले आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चोरी हा गुन्हा आहे असे पुस्तकात असल्यामुळे तो एके दिवशी चोरांच्या संघाच्या अध्यक्षालाच धरून आणतो. नगर हसते, वरिष्ठ घाबरतात. वाचकही हसतो, परंतु आपण नेमके कशाला हसलो, असा प्रश्न थोड्याच वेळात त्याच्या मनात उभा राहतो.

नवख्या तरुणाची कादंबरी म्हटली की तिचा मार्ग ठरलेला असतो. भाबडा तरुण जगात येतो, ठेचा खातो, जग जसे आहे तसे ओळखू लागतो आणि शहाणा होतो. प्रॅचेटने हा क्रम उलटा केला आहे, आणि आमच्या मते या कादंबरीचे सारे सामर्थ्य त्यातच आहे. आरंभी कॅरट जसा असतो तसाच तो अखेरीसही असतो. शिकतो तो व्हाइम्स. ज्याने वीस नियम मोडताना पाहिले आणि एकविसाव्या वेळी मान फिरविण्याची सवय लावून घेतली, अशा प्रौढ माणसाच्या समोर, नियम म्हणजे नियम असे खरोखरच समजणारा एक पोर उभा राहतो. त्या पोराला उत्तर देता न येणे हीच व्हाइम्सची दीक्षा आहे. तो कोणाचे व्याख्यान ऐकून सुधारत नाही. आपल्या हाताखालच्या मुलासमोर लाज वाटते, एवढ्यानेच तो सुधारू लागतो. पुस्तकातील विनोदाखाली ही लाज सतत वाहत असते.

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव नमूद करणे प्राप्त आहे. मागे आमच्या शाळेत एका वर्गप्रमुखाकडे उशिरा येणाऱ्यांच्या नोंदवहीचे काम होते. एके दिवशी त्याने त्या वहीत एका ज्येष्ठ शिक्षकांचे नाव लिहिले. फलकावरील नियमात ‘विद्यार्थ्यांनी’ असा शब्द नव्हता, ‘सर्वांनी’ असा होता. आम्ही वही मिटली आणि त्याला म्हणालो, “बाळ, असे लिहायचे नसते.” त्याने ‘का?’ असे विचारले नाही. पुन्हा तसे लिहिलेही नाही. आणि काही महिन्यांनी त्याच्या वहीत त्याच्या मित्रांचीही नावे येईनाशी झाली. तेव्हा आम्ही तो त्याचा आळस समजलो होतो. ही कादंबरी वाचताना ती वही आम्हांस आठवली आणि तो आळस नव्हता हे उमगले. त्या पोराला आम्हीच सावकाश धावावयास शिकविले होते.

तथापि लेखकाने कॅरटच्या अक्षरनिष्ठेचे आंधळे कौतुक केलेले नाही, हे विशेष. नगराधिपतीचा चिटणीस वॉन्स हा कथेतील कपटी पुरुष. एका गुप्त मंडळीस हाताशी धरून, चोरलेल्या ग्रंथाच्या साहाय्याने तो एका महाकाय ड्रॅगनाला पाचारण करतो. बेत असा की एका बाहुल्याने ड्रॅगन मारल्याचे नाटक करून राजा व्हावे आणि सूत्रे आपल्या हाती राहावीत. पण बोलाविलेले संकट आज्ञेत राहत नाही. ड्रॅगन स्वतःच राजा होऊन बसतो. अखेरीस वॉन्स पकडला जातो तेव्हा व्हाइम्स कॅरटला सांगतो की याच्यावर पुस्तक फेक. इंग्रजीत या बोलण्याचा अर्थ इतकाच की त्याच्यावर कायद्याची सारी कलमे लावावीत. कॅरटला लक्षणा कळत नाही. तो हातातले जाडजूड पुस्तक खरोखरच फेकतो आणि त्या आघाताने मागे सरलेला वॉन्स खाली पडून मरतो. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांचा भेद आपण अलंकारशास्त्राच्या तासाला शिकवितो. येथे तो भेद न कळल्यामुळे एका माणसाचा जीव जातो. केवळ अक्षर जाणणाऱ्याच्या हातात कायदाही घातक वस्तू ठरतो, हे लेखकाने एका थट्टेच्या प्रसंगात बसविले आहे. अक्षर कॅरटजवळ आहे आणि आशय व्हाइम्सजवळ; दोघांनी मिळून एक पहारेकरी होतो.

कादंबरीतील सर्वांत गंभीर भाग ड्रॅगनाच्या राज्याचा आहे. नवा राजा सोने मागतो आणि मग एका कुमारिकेचा बळी मागतो. नगरातील प्रतिष्ठित मंडळी हे ऐकून घेतात. कोणी ओरडत नाही. बळी आपल्या घरचा नसला की झाले, असा विचार प्रत्येकाच्या मनात असतो. माणसे परस्परांशी किती क्रूरपणे वागतात आणि वर त्यालाच नीती म्हणतात, हे पाहून तो पशूही चकित होतो. नगराधिपती व्हेटिनारी व्हाइम्सला असे समजावतो की जगात सज्जन आणि दुर्जन असे दोन पक्ष नसतातच. सगळे दुर्जन, काही या बाजूचे आणि काही त्या बाजूचे. हे तत्त्वज्ञान चतुर आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत अनेकदा याहून सौम्य शब्दांत ते ऐकू येते. लेखक त्याला वादाने खोडत नाही. ड्रॅगन खाली कोसळतो आणि जमाव त्याचा सूड घ्यावयास धावतो. तेव्हा कॅरट पुढे होऊन त्या अजस्र प्राण्याला कायदेशीर अटक करतो. ज्याने नगर जाळले त्यालाही जमावाच्या हाती न देता कायद्याच्या हाती द्यावयाचे, ही त्या पोराची समजूत हास्यास्पद दिसते. पण व्हेटिनारीच्या तत्त्वज्ञानाला या पुस्तकात दुसरे उत्तर नाही.

आता राजपुत्राचा विषय. कॅरटच्या अंगावर मुकुटाच्या आकाराची खूण आहे आणि वडिलोपार्जित तलवार आहे. अद्भुत कथा वाचणाऱ्या मुलाला एवढे पुरे. हा वनवासातला राजा आणि शेवटी गादीवर बसणार, हे तो तत्काळ ओळखतो. ‘मृच्छकटिका’तही गवळी असलेला आर्यक राजा होणार असे भाकीत असते, चंदनक त्याला गाडीत ओळखतो, अभय देतो, तलवार देतो आणि आर्यक पुढे सिंहासनावर बसतो. तेथे पहारेकरी भावी राजाला वाट मोकळी करून देतो. प्रॅचेटकडे पहारेकरी हाच भावी राजा आहे, आणि तो पहारेकरीच राहतो. राज्याभिषेक होत नाही. नगर वाचविल्याबद्दल काय हवे, असे विचारल्यावर पथक थोडी वेतनवाढ, चहासाठी नवी किटली आणि खेळण्यासाठी डार्टचा एक फलक मागते. अभिज्ञानाचा सगळा थाट उभारून लेखकाने त्याचा उपयोग करावयाचे नाकारले. नगराला राजा मिळण्यापेक्षा एक नीट चालणारी चौकी मिळणे अधिक मोलाचे, असे त्याचे मत दिसते, आणि ते आम्हांस पटते.

दोषांचाही उल्लेख केला पाहिजे. गुप्त मंडळीची प्रकरणे लांबली आहेत. त्यांच्या मूर्खपणाचा विनोद प्रथम खुलतो, तिसऱ्यांदा शिळा होतो. लेडी सिबिल रॅम्किन हे धीराचे, उदार आणि प्राणिवत्सल पात्र आहे. परंतु तिच्या स्थूल देहावर लेखक वारंवार विनोद करतो, ते त्याच्या इतर उमदेपणास शोभत नाही. कथेचा भार पुढे व्हाइम्सवर पडत गेल्यामुळे मध्यंतरी कॅरट बराच काळ नजरेआड होतो. शिवाय निम्मा विनोद इंग्रजी शब्दांच्या श्लेषावर उभा असल्यामुळे मराठीत याचे भाषांतर करणाऱ्यास पुष्कळ ठिकाणी नवी रचनाच करावी लागेल. पळापळ आणि कोट्या यांचेच आकर्षण असलेल्या विद्यार्थ्यास पुस्तकाचा गाभा निसटण्याची भीती आहे. तेथे शिक्षकाची गरज लागते.

यासाठी आमची सूचना अशी की नववी-दहावीच्या वाचनालयात हे पुस्तक असावे, आणि इंग्रजीच्या शिक्षकाने निदान दोन प्रसंग वर्गात घ्यावेत: चोरांच्या अध्यक्षाची अटक आणि पुस्तक फेकण्याचा प्रसंग. पहिल्यानंतर मुलांना ‘तुम्ही का हसलात?’ असे विचारावे, आणि दुसऱ्यानंतर ‘चूक कोणाची?’ असे. पुस्तकात मद्यपी अधिकारी आहे, चेटूक आहे, असे आक्षेप निघतील. चेटूक कथेपुरते आहे; मद्य सुटण्याच्या वाटेवरचा अधिकारी मात्र मुलांनी पाहण्यासारखा आहे.

आमच्यापुरते सांगावयाचे तर येत्या सत्रापासून उशिराची ती नोंदवही फलकावरील शब्दाप्रमाणेच लिहिली जावी, असे आम्ही ठरविले आहे. त्यात पहिले नाव कदाचित मुख्याध्यापकांचेच येईल, कारण आमची बस नेहमी वेळेवर येत नाही.