वादसभेची परीक्षा

विद्यार्थ्यांच्या वादसभांचा इतिहास सांगताना आपल्याला एक सवय जडलेली आहे. सभा कोणत्या साली निघाली, तिच्यातून कोण मोठे झाले, की संपलं! मुंबईच्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’चंही तेच झालं. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ती स्थापन झाली, दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी तिच्यात वावरले, एवढं सांगून आपण थांबतो. पण ही झाली नामावळी. सभेची परीक्षा कशी करायची?

न्यायदर्शनाने आपल्याला कसोटी दिलेली आहे. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खंडन करायचं, ती वितंडा. आता बघा, या सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला आणि तो टाळ्यांवर मिटला नाही. १८४९ मध्ये याच तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, सुरुवातीला स्वतःच विनावेतन शिकवलं. जगन्नाथ शंकरशेठ यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. आमच्या मते वादाची खूण हीच, की त्याचा निष्कर्ष बोलणाऱ्यालाच बांधून टाकतो.

म्हणून सगळंच गौरवायचं का? नाही. सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक म्हणून निघाल्या. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही १८५० मध्ये सुरू झालं. काम मोलाचं, पण ‘प्रसारक’ या शब्दाकडे जरा नीट पाहा. ज्ञान इंग्रजीतून यायचं आणि मराठीतून वाटलं जायचं. ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारावा, याची सोय त्या शब्दात नाही. दुसरं असं, की मुली या चर्चेचा विषय होत्या, वक्त्या नव्हत्या. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले स्वतः वर्गात उभ्या राहून शिकवत होत्या. हे शेजारी ठेवलं की मुंबईच्या सभेची मर्यादा आपोआप दिसते.

आज वादस्पर्धेत चिठ्ठी काढून बाजू ठरते, घंटा वाजते, करंडक मिळतो. सराव म्हणून आमची त्याला हरकत नाही. पण हा जल्प आहे, वाद नव्हे, हे मुलांना सांगायला हवं. आणि स्पर्धा संपल्यावर एखाद्या शिक्षकाने त्यांना थांबवून विचारावं, की बाबांनो, जे बोललात त्यातलं तुम्हाला स्वतःला किती पटलंय, आणि पटलं असेल तर उद्यापासून काय करणार?