डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे संशोधनलेखन आणि संदर्भोल्लेखांचे मोजमाप : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संशोधकाने किती शोधनिबंध लिहिले आणि इतर अभ्यासकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, या दोन आकड्यांना त्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे ए.पी.आय. गुणपद्धती आणली आणि हा हिशेब महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडला गेला. पुढे २०१९ मध्ये नियतकालिकांची केअर यादी आली. ही यादी बंद केल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविली. त्यामुळे संशोधनाचा दर्जा कसा ओळखावा, हा प्रश्न आता प्रत्येक महाविद्यालयापुढे उभा आहे. या पार्श्वभूमीवर महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशविषयक लेखनाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाची पार्श्वभूमी :

जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेल्या डॉ. बावस्कर यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूर येथे झाले. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या दंशाने तेथे लहान मुले आणि शेतमजूर दगावत असत. या विंचवाच्या विषामुळे शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था एकाएकी उत्तेजित होते. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि वाढलेला रक्तदाब ही प्रारंभीची लक्षणे होत. त्यानंतर हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचते आणि रोगी दगावतो. शहरी वैद्यकीय महाविद्यालयांत असे रोगी क्वचितच पोहोचत. त्यामुळे पाठ्यपुस्तकांतून या आजाराची पुरेशी माहिती मिळत नव्हती.

रोगी कोणत्या क्रमाने गंभीर होतो, याची नोंद डॉ. बावस्कर यांनी खाटेशेजारी बसून केली. हृदयविकाराची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये याच नियतकालिकात त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी लिहिले. प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरील औषध होय. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या ज्या ग्राहींवर विषाचा परिणाम अखेरीस प्रकट होतो, त्याच ग्राहींना ते रोखते. स्वस्त आणि तोंडाने घेता येणारी गोळी असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते देणे शक्य होते.

मोजमापाच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा :

युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रकाशित केला, तो प्रामुख्याने एका लेखावरून दुसऱ्या संबंधित लेखापर्यंत पोहोचता यावे म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टर हे माप नियतकालिकांच्या निवडीसाठी होते. व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचविला. एखाद्या संशोधकाच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भोल्लेख मिळाले असतील, पण अकरा लेखांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स दहा ठरतो. ही साधने उपयुक्त आहेत, हे मान्य करावयास हवे. तथापि डॉ. बावस्कर यांच्या लेखनास ती लावून पाहिली असता तीन मर्यादा स्पष्ट होतात.

पहिली मर्यादा विषयाच्या व्याप्तीची. ज्या विषयावर जगात मोजकेच अभ्यासक लिहितात, त्या विषयात संदर्भोल्लेखांची कमाल संख्याही मर्यादित राहते. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. नवजात बालमृत्यू हा जगभरातील गरीब देशांचा प्रश्न असल्याने त्या लेखास सर्व खंडांतून वाचक व अनुयायी अभ्यासक मिळाले. लाल विंचवाचा प्रश्न मुख्यतः भारतीय उपखंडाचा आहे. दोन्ही संशोधने ग्रामीण महाराष्ट्रात झाली. त्यांच्या संदर्भोल्लेखांतील तफावत बव्हंशी प्रश्नाच्या भूगोलातून येते. तीवरून संशोधकांची श्रेष्ठता-कनिष्ठता ठरविणे अशास्त्रीय होय.

दुसरी मर्यादा उपयोगकर्त्याची. संदर्भोल्लेख तोच करतो, जो स्वतः शोधनिबंध लिहितो. रात्री आलेल्या रोग्याला प्राझोसिनची गोळी देणारा आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी शोधनिबंध लिहीत नाही. त्याने केलेला संशोधनाचा उपयोग कोणत्याही निर्देशांकात नोंदला जात नाही.

तिसरी मर्यादा स्व-संदर्भाची. लहान विषयात दीर्घकाळ काम करणाऱ्या लेखकास स्वतःच्या पूर्वीच्या नोंदींचा आधार घ्यावाच लागतो. आपल्या आकड्यात भर घालण्यासाठी केलेला स्व-संदर्भ आणि पूर्वीचे निरीक्षण पुढे नेणारा स्व-संदर्भ यांतील भेद आकडा दाखवीत नाही. तो लेख वाचूनच कळतो.

लेखनाची अंतर्गत चिकित्सा :

मोजमाप अपुरे आहे म्हणून संशोधन आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. डॉ. बावस्कर यांच्या प्रारंभीच्या लेखनाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. प्राझोसिनपूर्व काळात पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाच्या रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते आणि प्राझोसिननंतर ते एक टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखांत वारंवार नमूद होते. ही तुलना दोन भिन्न काळांतील आहे. मधल्या काळात रोगी लवकर रुग्णालयात येऊ लागले, डॉक्टरांचा अनुभव वाढला, इतर उपचारही सुधारले. या सुधारणेतील प्राझोसिनचा नेमका वाटा किती, हे अशा तुलनेतून निर्विवाद सिद्ध होत नाही. समकालीन नियंत्रित गटाचा अभाव ही या लेखनाची खरी उणीव होती.

याच ठिकाणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला बावस्कर दाम्पत्याचा लेख महत्त्वाचा ठरतो. त्यात ७० रोग्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन समान गटांत विभागणी केली होती. एका गटास केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्यास प्राझोसिनसह विंचूविरोधी प्रतिविष देण्यात आले. दहा तासांनंतर प्रतिविष मिळालेल्या गटातील ३५ पैकी ३२ रोगी पूर्णतः लक्षणमुक्त झाले होते. केवळ प्राझोसिन घेतलेल्या गटात ही संख्या ३५ पैकी ८ होती. कोणता उपचार दिला जात आहे हे उपचारकर्त्यांना ज्ञात होते, ही या चाचणीची मर्यादा होय. परंतु ज्या औषधाशी लेखकांचे नाव पाव शतक जोडले गेले होते, ते एकटे पुरेसे वेगाने काम करीत नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. पुढे २०१४ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांवर अशीच यादृच्छिक चाचणी केली आणि तिचा निष्कर्षही त्याच दिशेचा आला.

निर्देशांकाच्या दृष्टीने १९८६ चा लेख आणि २०११ चा लेख हे यादीतील दोन स्वतंत्र एकक आहेत. दुसऱ्याने पहिल्याला दुरुस्त केले, हे नाते बेरजेत दिसत नाही. जिपमेरच्या अभ्यासकांनी प्रयोग पुन्हा करून दिलेला संदर्भ आणि एखाद्या प्रस्तावनेत इतर दहा नावांसमवेत आलेला उल्लेख, दोन्ही निर्देशांकात एकच गणले जातात. संशोधनाचे मर्म मात्र याच फरकात आहे.

महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने महत्त्व :

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावाच्या परिसरात काम करणाऱ्या प्राध्यापकासमोर दोन मार्ग असतात. दाराशी असलेला, पण जगाच्या दृष्टीने लहान असा प्रश्न दीर्घकाळ अभ्यासणे, हा एक. दूरचा पण चलतीचा विषय घेऊन लेखांची संख्या वाढविणे, हा दुसरा. केवळ संख्येवर आधारलेली पद्धती त्याला दुसऱ्या मार्गाकडे ढकलते. शुल्क घेऊन कोणताही लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक याच पद्धतीवर पोसले गेले. बिरवाडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने जर संदर्भोल्लेखांची शक्यता पाहून विषय निवडला असता, तर विंचूदंश त्याच्या यादीत आला नसता.

निष्कर्ष :

१) संदर्भोल्लेखांची संख्या संशोधनाच्या प्रसाराचे एक अंग दाखवते, तिची तुलना एकाच विषयातील व समान व्याप्तीच्या लेखनापुरती मर्यादित ठेवावी.

२) डॉ. बावस्कर यांच्या लेखनाचे सामर्थ्य एका प्रश्नाचा सुमारे तीन दशके केलेला पाठपुरावा आणि स्वतःच्या उपचाराची कठोर तपासणी यांत आहे. त्यांच्या प्रारंभीच्या पुराव्याच्या मर्यादा मान्य केल्यानेच हे सामर्थ्य नीट दिसते.

३) २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे आवाहन केले आहे. आता निर्णय संस्थांच्या हाती असल्याने महाविद्यालयांनी उमेदवाराचे निवडक तीन लेख समितीने प्रत्यक्ष वाचण्याची पद्धत अंगीकारावी. प्रश्न कोठून आला, पुरावा कसा जमविला आणि नंतरच्या लेखाने आधीच्या लेखाचे काय केले, या तीन बाबींची लेखी नोंद समितीने ठेवावी. त्यासाठी वेळ अधिक लागेल. परंतु वाचनाविना केलेल्या मूल्यमापनाला समीक्षित म्हणणे उचित ठरणार नाही.